नववी ‘ब’ला आठवत नाही

“काकू, जरा पाणी भेटेल का?” असं तो माणूस म्हणाला आणि इंदुताई गणवीर खुर्चीतून उठल्या. माठाकडे दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उठलो आहोत. मुख्याध्यापिकेच्या या खोलीत आजवर त्यांना कुणी काकू म्हटलं नव्हतं. मनीषनगरच्या बाजारात म्हणत. भाजीवाला म्हणे, ऑटोवाला म्हणे, आणि तिथे तो शब्द अंगावर सहज बसे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखा. पण या उंबरठ्याच्या आत त्या मॅडम होत्या. शिक्षण खात्याचे साहेब आले तरी मॅडम. शाळा सोडून कधीच गेलेले, केस पिकायला लागलेले बाप्ये आपल्या लेकरांच्या प्रवेशासाठी यायचे, तेही दारात चपला काढून मॅडमच म्हणायचे. आणि हा तिशीतला माणूस, साध्या कपड्यांतला, पांढऱ्या बुटांतला, न विचारता बसला होता आणि त्यांना त्यानं एका शब्दात त्यांच्याच खोलीतून स्वयंपाकघरात नेऊन सोडलं होतं. काकू म्हटलं की बाई उठते, पाणी आणते. तिला काही विचारायचं नसतं. हे त्याला ठाऊक होतं, की नुसतंच जिभेवर आलं होतं? ग्लास ठेवताना टेबलाच्या काचेवर थोडं पाणी सांडलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, आणि पुसताना पुन्हा वाटलं, हेही काकूच करते. पुढे या प्रकरणात यापेक्षा फार वाईट गोष्टी घडल्या. पण इंदुताईंना कुणी विचारलं असतं की भीती पहिल्यांदा कधी वाटली, तर त्यांनी हे पाणी पुसणंच सांगितलं असतं. त्यांना कुणी विचारलं मात्र नाही.

दोघे जण आले होते. दुसरा उभाच होता आणि भिंतीवरची संविधानाची उद्देशिका वाचत होता, किंवा वाचत असल्यासारखा उभा होता. पोलिसांची माणसं शाळेत का आली हे त्यांना विचारावं लागलं नाही. आदल्या आठवड्यात प्रीतम शेंडे सरांना त्यांच्या घरून नेलं होतं. इतिहासाचे शिक्षक, वय कोवळंच, अंगानं काटकुळे, बोलताना खडूचा तुकडा या बोटातून त्या बोटात फिरवत राहायचे. त्यांच्यावर काय आरोप आहे ते नीट कुणालाच कळत नव्हतं. नव्या कायद्याविरुद्ध संविधान चौकात लोक जमले होते, त्यात ते होते, हे खरं. पण त्या गर्दीत नागपुरातले निम्मे प्राध्यापक होते. प्रीतम सरांना उचललं ते वर्गातल्या एका तासावरून. नववीला आणीबाणीचा धडा असतो, पुस्तकात जेमतेम काही ओळींचा. तो शिकवताना मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, “सर, आता आहे का तसं?” आणि सर, म्हणे, बराच वेळ खडू फिरवत राहिले आणि म्हणाले, “ते मी सांगणार नाही. तुम्ही बघा. आपल्या गल्लीत, घरात, पेपरात बघा, आधी कोण बोलायचं आणि आता कोण गप्प झालंय. मग तुमचं तुम्ही ठरवा.” एवढंच. एखाद्या पोरानं घरी जेवताना सांगितलं असेल, कुणा काकानं ते मोबाईलवर पुढे ढकललं असेल, आणि ते फिरत फिरत ‘शाळेत मुलांना सरकारविरुद्ध भडकावलं जातंय’ असं होऊन परत आलं. इंदुताईंना वर्गातलं ते वाक्य सरांनीच सांगितलं होतं, पकडण्याच्या आदल्या दिवशी, थोडं हसत, थोडं विचारत: “मॅडम, चुकलं का माझं?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “उत्तर चांगलं आहे, पण परीक्षेत मार्क मिळणार नाहीत.” हा विनोद आता त्यांना टोचत होता.

“नववी ‘ब’च्या पोरांशी बोलाचं आहे,” बसलेला म्हणाला. “एकेकाले बोलवा. सर काय शिकवत होते, एवढंच विचारतो. घाबराचं काही नाही, काकू.” इंदुताई शाळेत नेहमी पुस्तकातलं मराठी बोलत. वडिलांनी तसं बोलायला शिकवलं होतं आणि त्यांनी शेकडो मुलांना शिकवलं होतं. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालं ते घरचं, चुलीपाशी बसणाऱ्या आजीचं. “काहून?” त्या म्हणाल्या. “लेकरं आहेत ते. त्यांच्या मायबापाले सांगा, त्यांच्या घरी जा, त्यांच्यासमोर विचारा. माह्या शाळेत नाही.” तो हसला. आम्ही प्रेमानंच विचारून राहिलो, असं काहीसं म्हणाला, उठला आणि कॉरिडॉरमध्ये चालू लागला, वर्गांच्या पाट्या वाचत. इंदुताई त्याच्या मागे गेल्या, मग पुढे गेल्या. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये त्या आयुष्यात कधी पळाल्या नव्हत्या. पळणाऱ्या पोरांना त्यांनी ओणवं उभं केलं होतं. नववी ‘ब’चं दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. आत गणिताचा तास चालू होता, बाई बोलायच्या थांबल्या. दाराच्या लाकडातून आतली शांतता त्यांच्या पाठीला लागत होती, चाळीसेक मुलांच्या श्वासाची. त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाईल काढून त्यांचा फोटो घेतला, अगदी सावकाश, लग्नात घेतात तसा. “ठीक आहे, काकू,” तो म्हणाला आणि दोघे गेले. समोर शिक्षकांच्या खोलीचं दार उघडं होतं. आतले सगळे उभे राहून बघत होते. मग कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी खोकलं, आणि आतल्या एका हातानं ते दार हळूच लावून घेतलं. कुणाचा हात ते त्यांना दिसलं नाही आणि दिसलं नाही याचं पुढे कित्येक दिवस बरं वाटत राहिलं.

घरी नवऱ्याला, रविंद्रला सांगितलं तेव्हा तो शर्टाची बटणं काढत होता. तो मौद्याजवळच्या वीज केंद्रात कामाला, सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळी केसांत बारीक राख घेऊन परतायचा. “बरं केलं,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, “पण फोटो काहून काढला असल?” मग दोघांनी त्यावर बोलणं टाळलं. इंदुताई भाकरी थापताना वडिलांचा विचार करत राहिल्या. वडील म्हणजे अशोकाच्या विजयादशमीला आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा बघितलेलं पोर. त्या दिवशीचं त्यांना काही आठवत नसे, नुसतं पांढऱ्या कपड्यांवरचं ऊन आणि बापाच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास. पण त्यानंतर घरात एक गोष्ट सुरू झाली, ती त्यांना आठवे. नाव विचारलं की पूर्ण सांगायचं. उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, खणखणीत. त्याआधी त्यांच्या घरातली माणसं नाव विचारलं की मान खाली घालत आणि अर्धं नाव गिळत. आजोबांनी ते बंद केलं. वडिलांनी ते धाकट्या इंदूला शिकवलं, बाजेवर उभं करून, पुन्हा पुन्हा. वस्तीतल्या माणसांनी एकेक वीट घालून ही शाळा उभी केली तेव्हा वडील तिच्या कामावर पाणी वाहत होते, आणि पुढे इंदुताई मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा त्यांनी शाळेला दुसरं काही शिकवलं असो नसो, एवढं शिकवलं होतं. उभं राहा. नाव पूर्ण सांग. उत्तर येत असेल तर मोठ्यानं दे. “ऐकू नाही आलं,” असं म्हणून त्यांनी घाबरट पोरांना तीन-तीनदा बोलायला लावलं होतं. त्या शाळेतली मुलं दुरून ओळखू येतात असं लोक म्हणत, कारण ती बोलताना खाली बघत नाहीत. भाकरी करपली. रविंद्र काही बोलला नाही, करपलेली त्यानंच घेतली.

भैयाजींनी बोलावलं तेव्हा त्यांना थोडा धीर आला होता, हेच आता आठवलं की लाज वाटते. भैयाजी संस्थेचे अध्यक्ष, वडिलांचे धाकटे दोस्त, ऐन तरुणपणी आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. दर वर्षी जूनमध्ये ते शाळेत येऊन मुलांना तुरुंगाची गोष्ट सांगत. भिंतीवर नखानं लिहिलेलं नाव, डाळीतला खडा, माफीनाम्यावर सही करा म्हणून आलेला अधिकारी, आणि “मी त्याले म्हटलं, पेन तुमचं, हात माझा.” इथे मुलं टाळ्या वाजवत. इंदुताईंनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की टाळ्या कुठे येणार हे त्यांच्या हातांना आधीच कळे. भैयाजी अंगणात उन्हात बसले होते, गुडघ्यांना तेल लावून. “जयभीम. बस वं इंदू,” ते म्हणाले. “दारात उभी राहिली म्हणे तू.” “हो.” “अगदी तुह्या बापासारखी आहेस.” ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. “पण आता बस झालं. पोरांची चौकशी करू दे त्यांना. शेंडे मास्तरला आपण निलंबित करू. कागदावरच. पुढे पाहता येईल.” इंदुताईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “भैयाजी, तुम्ही हे म्हणून राहिले?” त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं, एखाद्या वडीलधाऱ्यानं लहान पोराला हिशोब समजावून सांगावा तसा नुसता थकवा होता. “त्यावेळी आपल्यापाशी शाळा नव्हती, इंदू. काय होतं? अंगावरचा सदरा. तो काढून घेतला असता तरी काय बिघडत होतं? आता एवढी लेकरं आहेत. मान्यता काढली तर कुठं जातील? माणसापाशी काही नसते तेव्हा तो लय शूर राहते, पोरी. मी तुरुंगाले घाबरलो नाही. मी ही इमारत पाहून घाबरतो.” ते खोटं नव्हतं, आणि इंदुताई स्कूटीची किल्ली चाचपत उठल्या. परतताना मनीषनगरच्या रेल्वेपुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवत होते, आणि त्या गोंगाटात त्यांच्या मनात एक विचार आला की आपल्या बापजाद्यांनी विटा वाहून जे उभं केलं ते आपल्याला उभं राहता यावं म्हणून. आणि आता ते पडू नये म्हणून आपणच खाली बसायचं. विचार पूर्ण झाल्यावर त्या इतक्या दमल्या की स्कूटी बाजूला घेऊन बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या.

पालकांची सभा त्यांनी घेतली ती मात्र भैयाजींना न विचारता. नववी ‘ब’चे आईबाप मुलांच्या बाकांवर बसले होते, गुडघे बाकाला अडकून. सफाई करणारे, प्लंबर, बँकेत कारकून असलेला एक, शिवणकाम करणाऱ्या तिघी. इंदुताईंनी त्यांना सांगितलं की पोलीस मुलांना ठाण्यावर बोलावू शकत नाहीत, घरी यावं लागेल, तुम्ही समोर बसायचं, घाई करायची नाही, न वाचता सही करायची नाही. सगळे ऐकत होते. लग्नात लांबच्या नातेवाईकाचं भाषण ऐकतात तसं. प्रीतम सरांबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी सर रविवारी जाऊन पोरांचा अभ्यास घेत होते. शेवटी मयुरा उठली, खुशीची आई, धंतोलीतल्या एका दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावायचं काम करणारी. तिला आजाऱ्यांशी बोलायची सवय होती, त्यामुळे असेल, तिचा आवाज मऊ आणि थेट होता. “मॅडम, तुम्ही सांगता ते सगळं बराबर आहे. पण ते घरी येतीन अन् माह्या खुशीले विचारतीन. खरं सांगितलं त सर फसते. खोटं सांगितलं त पोरगी फसते. मंग मी तिले काय सांगू?” हाच प्रश्न सगळे खिशात घालून आले होते. इंदुताई फळ्यासमोर उभ्या होत्या. मागच्या तासाचं वर्तुळाचं सूत्र फळ्यावर अर्धवट पुसलेलं होतं. त्यांना वाटलं, खरं बोला म्हणावं. त्यासाठीच तर हे सगळं उभं केलं. सरांनी वाईट काही सांगितलंच नव्हतं, खरं काय ते मुलांनी खणखणीत सांगावं. पण ते खरं त्या माणसाच्या कागदावर उतरलं की काय होईल हे त्यांना दिसत होतं. त्याच्या पांढऱ्या बुटांपर्यंत दिसत होतं. “आठवत नाही म्हणावं,” त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नसावं. मयुरानं कान पुढे केला. आणि आयुष्यभर मुलांना मोठ्यानं बोलायला लावणाऱ्या इंदुताईंनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, “मुलं आहेत. मुलं विसरतात. काय शिकवलं ते आठवत नाही, एवढंच म्हणावं. सगळ्यांनी.” एक प्लंबर होता, रुपराव नावाचा. तो पहिल्यांदाच हसला. “हे त आमचं पोरगं खरंच म्हणू शकते, मॅडम,” तो म्हणाला, आणि सगळे हसले, आणि त्या हसण्यात काहीतरी ठरून गेलं.

ते इतकं नीट पार पडेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. त्या फेब्रुवारीत पोलीस घरोघर गेले. कुठे चहा झाला, कुठे दम दिला गेला. हुशार मुलगी होती, तिला शिष्यवृत्तीचं आमिष दाखवलं. एका बापानं घाबरून आपल्या पोराला स्वतःच ठाण्यावर नेलं आणि साहेब, याले सगळं माहीत आहे म्हणून पुढे केलं. त्या पोरानंही सांगितलं, आठवत नाही. बापानं तिथेच थोबाडीत मारली. तरी आठवत नाही. आणीबाणी म्हणजे काय रे? आठवत नाही. सर कोणत्या रंगाचा शर्ट घालून आले होते? आठवत नाही. एका साहेबानं म्हणे चिडून विचारलं, तुम्ही शाळेत जाता तरी का? त्यावर खुशी म्हणाली, “डबा खाले.” ही वाक्यं मयुरा, रुपराव, कुणी ना कुणी इंदुताईंपर्यंत पोचवत होतं आणि त्या हसत होत्या, खरंच हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं त्यांनी संस्था नावाची गोष्ट विटांची समजली होती. भैयाजींची संस्था वाकली. पण ही दुसरी, जिला ना मान्यता ना फलक, बाकांत गुडघे अडकवून बसलेल्या आईबापांची आणि डबा खायला शाळेत जाणाऱ्या पोरांची, ती वाकत नव्हती. सकाळच्या प्रार्थनेला मुलं उद्देशिका म्हणत तेव्हा त्या नववी ‘ब’च्या रांगेकडे बघत. कुणीच त्यांच्याकडे बघत नसे. सगळ्यांचे चेहरे सारखे, पुसलेल्या पाटीसारखे. त्यांना ते तेव्हा शहाणपण वाटलं. त्यांच्यावरही मार्चमध्ये चौकशी बसलीच. मुख्याध्यापिकेचं काम काढून दुसऱ्याकडे दिलं, निवृत्तीला काही वर्षं राहिलेल्या बाईला पुन्हा शिक्षकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. जिथे ते दार लावलं गेलं होतं त्याच दाराच्या आत. सहकारी अदबीनं वागत. त्यांच्यासमोर कुणी काही बोलत नसे, एवढंच.

प्रीतम सर उन्हाळ्यात सुटले. कोर्टात सरकारकडे दाखवायला काही उरलंच नव्हतं. भडकावलं म्हणावं तर भडकलेलं एक पोर सापडेना. इंदुताईंच्या घरी ते आले तेव्हा कूलर घरघरत होता, बाहेर रस्ते रिकामे, नागपूरचं ऊन पडद्यातूनही आत येत होतं. सर आणखी वाळले होते आणि हातात खडू नव्हता, त्यामुळे बोटांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. रविंद्रनं त्यांना पन्हं दिलं. सगळे सुटकेचं बोलले, वकिलाचं बोलले. इंदुताई वाट बघत होत्या. कसली, ते त्यांना कबूल करायचं नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून केलं ते यांना कळलं असेल, आता ते काही बोलतील. सर म्हणाले, “मॅडम, वकिलांनी मला सगळ्या पोरांचे जबाब वाचायला दिले. एकामागून एक. आत दुसरं काही वाचायला नव्हतं.” ते थोडं हसले. “मला माहीत आहे कशासाठी ते. माझ्यासाठीच. मला कळतं. पण एकामागून एक वाचत गेलो ना... ‘सरांनी काय शिकवलं ते आठवत नाही.’ ‘सरांनी काय शिकवलं ते आठवत नाही.’ मधे मधे मला खरंच वाटायला लागलं, मी काही शिकवलंच नसेल.” “अहो, त्यांना मीच...” “हो. मयुराताई बोलल्या.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “खुशीनंपण तेच लिहून दिलं?” त्यांनी जबाब वाचला होता, तरी विचारलं. इंदुताईंनी मान हलवली. सरांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते इंदुताईंना तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं वाटलं नाही. नापास झालेल्याचं वाटलं. संस्थेनं त्यांना परत घेतलं नाही. कागदावरचं निलंबन कागदावर राहिलं आणि माणूस बाहेर. आता ते एका क्लासमध्ये इंग्रजीचं व्याकरण शिकवतात. “बरं आहे,” ते जाताना दारात म्हणाले. “व्याकरणात कोणी विचारत नाही, सर, आता आहे का तसं?”

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा इंदुताईंकडे दहावीचं राज्यशास्त्र आलं, म्हणजे तीच मुलं, वर्षभरानं उंच झालेली. पहिल्या काही दिवसांत त्यांना वाटलं, आपल्याला ऐकायला कमी येतं. वर्ग इतका शांत. आधी या मुलांना गप्प बसवताना घसा दुखे. आता त्या प्रश्न विचारत आणि चाळीस चेहरे वहीकडे वळत. उत्तर लिहून द्या म्हटलं की लिहून देत, गाइडमधलं, शब्दाला शब्द. मागे बसणारी पोरंही गुणी झाली होती. नवे मुख्याध्यापक खूश होते. शिस्त लागली म्हणाले. एकदा मतदानाच्या हक्कावर बोलताना इंदुताई मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलल्या, उघड चुकीचं, आणि थांबल्या. कुणीतरी ‘मॅडम, नाही’ म्हणेल. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. पेनांचा तो एकसारखा कुरकुर आवाज ऐकत त्या हातात खडू घेऊन उभ्या राहिल्या. ज्यांना सरांच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं त्यांना ते मिळालं नव्हतं. पण त्या वाक्याच्या जोरावर त्यांना जे आणायचं होतं ते, हे गप्प बसणं, त्यांना आयतंच मिळालं होतं, आणि ते पोचवायला इंदुताई स्वतः फळ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. मग दुसरं काय सांगायचं होतं मयुराला? हा प्रश्न त्या स्वतःला स्वयंपाक करताना, स्कूटी चालवताना, पेपर तपासताना विचारत. सरांना आत सडू द्यायचं होतं? पोरांना खरं बोलायला लावून त्यांच्याच शब्दांनी सरांना बांधायचं होतं? उत्तर दर वेळी तेच येई की दुसरं काही नव्हतं. बरोबरच केलं. आणि बरोबर केलेल्या गोष्टीचं असं काही होऊ शकतं हे त्यांना कुणी, वडिलांनीही, शिकवलं नव्हतं.

एका शुक्रवारी तास संपल्यावर त्यांनी खुशीला थांबवलं. मुलं निघून गेली, पंखा फिरत राहिला. खुशी दप्तर छातीशी धरून उभी होती, दोन वेण्या, कपाळावर पावडर. नववीत ही पोरगी एवढे प्रश्न विचारायची की सर तिला वकीलबाई म्हणत. ‘आता आहे का तसं’ हे हिनंच विचारलं होतं, असा इंदुताईंचा फार आधीपासून कयास होता, मागच्या बाकावरचं ते कुणीतरी म्हणजे हीच. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज शक्य तितका मऊ केला. “खुशी, सर सुटले, बाई. आता काही भीती नाही. मी कोणाला सांगणार नाही. त्या दिवशी सरांनी जे सांगितलं ना, आपल्या आजूबाजूला बघायला... तुला आठवतं ना ते?” खुशीनं त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. क्षणभरच तिच्या डोळ्यांत काहीतरी सावध झालं, आणि मग त्यावरून काहीतरी सरकलं, अगदी सहज, आतून कडी लागावी तसं. “नाही मॅडम,” ती म्हणाली. “मले काहीच आठवत नाही.” खोटं होतं. इतकं स्वच्छ खोटं की त्यात नख घालायला जागा नव्हती. अगं, मी आहे, असं इंदुताईंच्या ओठांवर आलं. मी तुमच्यातलीच आहे, घाबरायचं काही नाही. आणि वाक्य तयार होता होताच त्यांना कळलं की त्या पोरीच्या घरी चहा पीत बसलेल्यांनीही नेमकं हेच म्हटलं असणार, असाच मऊ आवाज काढून, अशीच खुर्ची जवळ ओढून. अभिमान वाटावा की रडावं हे न कळून त्यांनी टेबलावरचं डस्टर उचललं आणि परत ठेवलं. “जाऊ मी, मॅडम?” खुशीनं विचारलं. त्यांनी मान हलवली. मुलगी दारापर्यंत सावकाश, व्यवस्थित चालत गेली, दप्तर खांद्यावर नीट घेतलं. मग कॉरिडॉरमध्ये वळल्यावर ती पळत सुटल्याचा आवाज आला.